पटाला मधून भेग का गेली : गोंद बदलण्याआधी रेषांची दिशा बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेपल आणि अक्रोडाच्या पट्ट्या जोडून तुम्ही ५० मिमी घरांचा, २० मिमी जाडीचा बुद्धिबळाचा पट केला. भोवती ६० मिमी रुंदीची चौकट चारही बाजूंनी गोंद लावून पक्की बसवली. हे सगळं हवा कोरडी असताना झालं. दमट दिवस आले तसे चौकटीचे चारही कोपरे उघडले. हवा पुन्हा कोरडी झाली तेव्हा कोपरे जवळजवळ मिटले, पण पटाला मधोमध भेग गेली. त्यात एका अंगाला घरांचे कोपरे दीड मिमीने चुकलेले आहेतच. यावरून तुम्ही विचारलंत, ‘याहून मजबूत गोंद कोणता?’

गोंद बदलून हे सुटणार नाही. आणखी मजबूत गोंद वापरला असता तर जोडाऐवजी शेजारचं लाकूड फाटलं असतं. तुमच्या पटात दोन वेगळे दोष आहेत. एक लाकडाच्या हालचालीचा आणि दुसरा मापाचा. दोन्ही मी स्वतः केले आहेत. बावीस वर्षांपूर्वीचा माझा पहिला पट असाच चौकटीत जखडलेला होता आणि तोही असाच फाटला, त्यामुळे तुम्हाला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे.

आधी हालचाल. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातलं पाणी साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतं, ५० टक्के आर्द्रतेला ते ९ च्या आसपास जातं आणि ८० टक्क्यांना १६ पर्यंत. पॉलिश केलेला, घरात ठेवलेला पट ही सगळी मजल मारत नाही, कारण पॉलिशमुळे पाणी हळू आत-बाहेर होतं आणि तोवर हवा बदलते. मी हिशेबाला ४ टक्क्यांचा फरक धरतो. तुमच्याकडे हवा वर्षभर सारखी असेल तर कमी धरा, टोकाची बदलत असेल तर जास्त.

आता रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, बघा. पट्ट्या लांबीला चिकटवून, मग आडव्या कापून, एकाआड एक फिरवून पुन्हा चिकटवल्या की सगळ्या ६४ घरांच्या रेषा एकाच दिशेने जातात. रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. ४०० मिमीच्या पटात ४ टक्के फरकाला एक दशांश मिमीसुद्धा नाही. रेषांना आडवं मात्र ते चांगलं हलतं. मेपलची फळी टोकाकडून पाहिल्यावर वलयं सपाट, कमानीसारखी दिसत असतील तर तेवढ्याच फरकाला ४०० मिमीमागे साडेपाच मिमी, अक्रोडाची असेल तर साडेचारच्या आसपास. दोन्ही निम्मे निम्मे धरले तर तुमचा पट एका दिशेने जवळजवळ ५ मिमी फुगतो आणि दुसऱ्या दिशेने जागचा हलत नाही.

चौकटीच्या चार तुकड्यांपैकी दोन पटाच्या रेषांना समांतर आहेत. तिथे भांडण नाही, पट आणि तुकडा एकमेकांसोबत राहतात. उरलेले दोन पटाच्या टोकांच्या बाजूला, म्हणजे रेषांना आडवे बसलेत. या तुकड्यांची लांबी बदलत नाही आणि त्यांना चिकटलेला पट मात्र त्याच दिशेने ५ मिमी वाढायला बघतो. दमट दिवसांत पटाने समांतर तुकडे बाहेर ढकलले, म्हणून कोपरे उघडले. टोकांपाशी त्याला वाढायला जागाच नव्हती, तिथे लाकूड आतल्या आत दाबलं गेलं. असं दाबलं गेलेलं लाकूड वाळल्यावर पहिल्या मापाला परत येत नाही, त्याहून थोडं लहान होतं. टोकाचा तुकडा त्याला लहान होऊ देत नव्हता, तेव्हा ताण जिथे सगळ्यांत कमकुवत जागा होती तिथे मोकळा झाला. भेग रेषांच्या दिशेने गेली आहे का आणि ती चौकटीच्या टोकाच्या तुकड्यापाशी जास्त रुंद आहे का, ते बघा. तसं असेल तर कारण हेच.

यातून बाहेर पडायचे माझ्या अनुभवात तीन रस्ते आहेत. कोणता घ्यायचा ते तुमच्याकडची हवा, हत्यारं आणि पट कसा दिसायला हवा यावर ठरतं.

सर्वांत सरळ रस्ता म्हणजे चौकटच नको. जाडी २५ मिमी किंवा त्याहून जास्त ठेवा, कडा खालच्या बाजूने तिरकी रंधा म्हणजे पट हलका दिसतो आणि उचलायला बोटं जातात. तो हवेप्रमाणे ५ मिमी वाढेल, कमी होईल. प्रत्येक घरामागे हा फरक ०.६ मिमी येतो, डोळ्याला कळत नाही. मला स्वतःला असेच पट सर्वांत आवडतात. खालून मात्र आडवी पट्टी गोंदाने चिकटवायची नाही. तीही चौकटीसारखीच पटाला जखडते.

दुसरा रस्ता चौकट ठेवण्याचा, पण पट तिच्यात मोकळा बसवण्याचा. दाराच्या चौकटीत फळी बसवतात त्याच तत्त्वावर. पटाच्या चारही कडांना ६ मिमी जाडीची जीभ काढायची, चौकटीला आतून तेवढीच खाच. जीभ ८ मिमी आत जात असेल तर आडव्या दिशेने खाच तिच्या टोकापुढे ३ मिमी तरी खोल हवी. हे माप कोरड्या दिवसांत केलेल्या कामाचं. दमट दिवसांत करत असाल तर पट आधीच फुगलेला असतो, तेव्हा मोकळी जागा कमी पुरते, पण आकसल्यावर जीभ खाचेबाहेर येऊ नये म्हणून ती लांब ठेवावी लागते. चौकटीचे कोपरे एकमेकांना पक्के चिकटवा. पट चौकटीला फक्त टोकाच्या दोन बाजूंना, तेही मधल्या चार-पाच सेंटिमीटरांतच चिकटवायचा. मग तो मध्यातून दोन्हीकडे सारखा फुगतो-आकसतो आणि चौकटीत तिरका होत नाही. पट आणि चौकट यांच्यामध्ये वरून दिसणारी फट लपवू नका. तीन मिमीची सरळ रेघ मुद्दाम ठेवली तर ती नक्षीसारखी दिसते आणि पुढे ती थोडी कमी-जास्त झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तुमची चौकट ६० मिमी रुंद होती, ती निम्मी करा. चौकटीचं लाकूडही स्वतःच्या रुंदीत हलतं आणि ती जितकी रुंद तितका पंचेचाळीस अंशांचा कोपरा लवकर बिघडतो.

तिसरा रस्ता म्हणजे घन लाकूड सोडून जाड व्हिनिअर. लाकडाचे दीड-दोन मिमी जाडीचे पत्रे कापायचे आणि चांगल्या प्लायवूडवर किंवा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्यावर) चिकटवायचे. इतका पातळ थर खालच्या पाट्याला हलवू शकत नाही, उलट पाटाच त्याला धरून ठेवतो. ३ मिमीच्या पुढे गेलात की तो पुन्हा घन लाकडासारखा वागायला लागतो. इथे चौकट चारही बाजूंनी बिनधास्त चिकटवता येते, कारण खालचा पाटा हलत नाही. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही : खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा थर द्यावा लागतो. खालचं अंग कुणी बघत नाही म्हणून ते कोरं सोडलं तर पट परातीसारखा वाकतो. हवा फार बदलते अशा ठिकाणी, मोठा आणि रुंद चौकटीचा पट हवा असेल तर मी हाच रस्ता सांगेन. काहींना व्हिनिअर म्हणजे फसवणूक वाटते. मला तसं मुळीच वाटत नाही, पातळ थर नीट जुळवणं घन पट्ट्यांपेक्षा कठीण आहे.

घन लाकूडच वापरणार असाल तर लाकूड निवडतानाच अर्धं काम होतं. टोकाकडून वलयं उभी दिसणाऱ्या फळ्या घ्या. त्या मेपलच्या असोत की अक्रोडाच्या, त्याच ४ टक्क्यांना ४०० मिमीमागे साधारण तीन मिमीच्या आतबाहेर हलतात, म्हणजे सपाट वलयांच्या फळीपेक्षा बरंच कमी. सागवान याहूनही शांत लाकूड आहे, गडद घरांसाठी मी ते आनंदाने वापरतो. मात्र सागवान आणि शिसव दोन्ही तेलकट असल्याने गोंद लावण्याच्या अगदी आधी जोडाची बाजू ॲसिटोनने पुसून घ्यावी लागते.

आता दुसरा दोष, चुकलेले कोपरे. दीड मिमी एका कापात क्वचितच चुकतो. मला दोन शक्यता वाटतात. एक म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या तुम्ही वेगवेगळ्या वेळी, करवतीचा अडसर (लाकूड टेकवून सरळ ढकलायची पट्टी) पुन्हा लावून कापल्या असाव्यात. सगळ्या आठही पट्ट्या अडसर न हलवता एकाच बैठकीत कापायच्या. पट्टी नेमकी ५० मिमी आहे की ४९.७ याला महत्त्व नाही, आठही एकसारख्या असण्याला आहे. दुसरी शक्यता अशी की पहिली जोडणी झाल्यावर कड सरळ करायला तुम्ही बाहेरच्या एका पट्टीवर रंधा मारलात. ती पट्टी दीड मिमी बारीक झाली, मग आडवे काप घेऊन एकाआड एक पट्ट्या फिरवल्या आणि टोकं जुळवून चिकटवल्या. टोकं जुळली, पण आतला प्रत्येक जोड दीड मिमीने सरकला.

यावर उपाय सोपा आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या सुरुवातीलाच तीनेक मिमी जास्त रुंद ठेवा. दुसऱ्या जोडणीत टोकांकडे बघूच नका. मधला जोड मधल्या जोडाला भिडवा आणि तिथून दोन्हीकडे जुळवत जा. जी काही चूक असेल ती दोन्ही टोकांना वाटली जाते आणि बाहेरची वाढीव कड शेवटी एका कापात सरळ करता येते. लांबीचा हिशेबही आधी करा. ५० मिमीची आठ घरं म्हणजे ४००, करवतीचं पातं दर कापाला ३ मिमी खातं, म्हणून आठ कापांचे २४, शिवाय दोन्ही टोकांना खराब होणारे वीस-वीस. पट्ट्या ४७० मिमीपेक्षा कमी लांबीच्या घेऊ नका. पहिली जोडणी वाळल्यावर कॅलिपरने एका घराची खरी रुंदी मोजा आणि दुसऱ्या कापाचा अडसर त्या मापाला लावा. कागदावरच्या ५० ला लावला तर घरं चौरस न होता किंचित लांबट होतात.

पातं किती सरळ उभं आहे यावर मला जरा थांबायचंय, कारण पहिल्या जोडणीत लपलेली चूक दुसऱ्या जोडणीत दुप्पट होऊन समोर येते. समजा पातं काटकोनापासून अर्धा अंश कललेलं आहे. आडव्या कापलेल्या पट्टीच्या दोन्ही कडा सारख्याच कलतात. अशा पट्ट्या होत्या तशा शेजारी ठेवल्या तर तिरक्या कडा एकमेकींत चपखल बसतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. पण नक्षी जमवायला एकाआड एक पट्टी तुम्ही उलट्या तोंडाने फिरवता. फिरवलेल्या पट्टीची कड विरुद्ध बाजूला कलते. मग एका जोडाला वरून फट, पुढच्याला खालून, आणि ती फट एका कडेच्या चुकीच्या दुप्पट. २० मिमी जाडीला अर्ध्या अंशाने ती ०.३५ मिमी होते. क्लॅम्पने दाबून ती मिटवलीत तर पटाला लाटा येतात. म्हणून काम सुरू करण्याआधी रद्दी लाकडाची रुंद फळी मधून कापा, एक अर्धा पालथा करून कापलेल्या कडा सपाट टेबलावर एकमेकांना भिडवा आणि मागे दिवा धरा. उजेड दिसेनासा होईपर्यंत पातं नीट करत राहा. गुण्या लावून जे दिसत नाही ते या परीक्षेत दिसतं.

याच कारणामुळे मी अलीकडे आठाऐवजी नऊ पट्ट्या घेतो, पाच पांढऱ्या आणि चार काळ्या. आडवे काप झाले की पट्टी फिरवायची नाही, एकाआड एक पट्टी एका घराने सरकवायची. बाहेर आलेली जास्तीची घरं चिकटवून झाल्यावर कापून टाकायची. थोडं लाकूड वाया जातं खरं, पण कडांचा कल सगळीकडे एकाच बाजूला राहतो. दुसरा फायदा रंध्याखाली कळतो. पट्टी फिरवली की तिच्या रेषांचा चढ उलटा होतो, मग रंधा निम्म्या घरांवर गुळगुळीत चालतो आणि निम्म्यांवर लाकूड उचकटतो. सरकवलेल्या पट्ट्यांत हा त्रास बराच कमी होतो.

दुसऱ्या जोडणीत गोंदाचा प्रश्न मात्र खरा आहे. पहिल्या जोडणीत लाकडाच्या लांब बाजू एकमेकींना भिडतात आणि साधा पांढरा पीव्हीए गोंद लाकडापेक्षा मजबूत जोड देतो. दुसऱ्या जोडणीत टोकाचा छेद टोकाच्या छेदाला भिडतो. टोकाकडून लाकूड म्हणजे उघड्या नळ्यांची जुडी. ती गोंद पिऊन टाकते आणि जोड कोरडा राहतो. गोंदात थोडं पाणी घालून पहिला हात द्या, पाच मिनिटं मुरू द्या, मग नेहमीचा गोंद लावून क्लॅम्प करा. जाड पटाला जोडाचं क्षेत्रफळ जास्त मिळतं, चौकट नसलेल्या पटाला मी २५ मिमी सांगितले त्याचं हेही एक कारण. आठही पट्ट्या एकदम चिकटवायला जाऊ नका. पीव्हीए पाच-दहा मिनिटांत पकडायला लागतो आणि तेवढ्या वेळात सात जोडांचे कोपरे जुळवणं अवघड आहे. आधी जोड्या करा, मग चार-चार, मग पूर्ण पट. दर वेळी कोपऱ्यांवर नखाने हात फिरवून क्लॅम्प आवळा. शेवटच्या जोडणीनंतर दोन-तीन दिवस रंध्याला हात लावू नका. गोंदातल्या पाण्याने जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते त्याच दिवशी सपाट केलं तर पुढे वाळून प्रत्येक जोडाशी बारीक चर पडते आणि चमकत्या पॉलिशमध्ये ती लगेच दिसते.

पॉलिश पेपरचं एक बघा. गडद लाकडाची भुकटी पांढऱ्या घरांच्या छिद्रांत बसते आणि मेपल मळकट दिसायला लागतं. पदौकसारखं लाल लाकूड असेल तर पांढरं घर गुलाबी होतं. मी शक्य तितकं काम धारदार स्क्रेपरने करतो, शेवटच्या पेपरआधी पातळ लाखेचा एक हात देतो आणि भुकटी कपड्याने न पुसता व्हॅक्यूमने ओढून घेतो. पदौक आणि शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो, तिथे लाख ब्रशने ओढू नका, हलकी फवारा.

रंगसंगतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पटाआधी सांगायला हवं. आज दिसतो तो फरक दहा वर्षांनी राहत नाही. मेपल पिवळसर होतं, अक्रोड उजेडाने फिकट होतो, पदौकचा लाल आणि पर्पलहार्टचा जांभळा दोन्ही तपकिरीकडे जातात. मेपल-अक्रोड जोडी एकमेकांकडे सरकते खरी, तरी पुरेसा फरक उरतो म्हणून ती टिकली आहे. आबनूसासारखं अगदी काळं लाकूड पांढऱ्याशेजारी देखणं दिसतं. पण काळे मोहरे काळ्या घरांत बुडतात आणि तासभर खेळल्यावर डोळे शिणतात. ज्या पटावर खरोखर खेळायचं आहे त्याची काळी घरं मोहऱ्यांपेक्षा फिकट हवीत आणि पॉलिश मॅट हवं, दिव्याची तिरीप उठता कामा नये. पॉलिश वर जितके हात तितकेच खाली द्या. नाहीतर दोन्ही अंगं वेगवेगळ्या वेगाने पाणी घेतात आणि पटाला बाक येतो.

तुमच्याकडे मोहरे आधीच असतील तर घर त्यांच्यावरून ठरवा. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांसाठी घर ५ ते ६ सेंटिमीटर आणि राजाची उंची ९.५ सेंटिमीटरच्या आसपास असते. घरगुती संचासाठी मी राजाच्या बुडाचा व्यास घराच्या तीन-चतुर्थांशाइतका धरतो.

राहिला तुमचा सध्याचा पट. तो टाकून देऊ नका. चौकट करवतीने कापून काढा आणि पट हवा दोन्ही अंगांना लागेल असा कडेवर उभा ठेवून महिनाभर तसाच राहू द्या. भेग जोडावर असेल तर तो जोड पूर्ण उघडा, दोन्ही कडांवर रंध्याचा एक हलका हात मारा आणि पुन्हा चिकटवा. त्या दोन ओळी अर्धा-पाऊण मिमी अरुंद होतील, खेळताना कुणालाही दिसणार नाहीत. भेग घराच्या मधून गेली असेल तर त्याच रेषेत कापून तसंच करा, फक्त त्या ओळीतली घरं किंचित अरुंद दिसतील. चुकलेले कोपरे मात्र या पटात दुरुस्त होणार नाहीत, त्यासाठी प्रत्येक जोड कापावा लागेल आणि तेवढं लाकूड उरत नाही.

मग लगेच नवी चौकट करू नका. आज पटाचं रेषांना आडवं माप कॅलिपरने किंवा चांगल्या स्टीलच्या पट्टीने घ्या, पटाच्या खालच्या अंगावर पेन्सिलीने तारखेसकट लिहा आणि दमट दिवसांत पुन्हा मोजा. दोन मापांमध्ये जो फरक येईल त्याचं निम्मं, अधिक अर्धा मिमी, इतकी मोकळी जागा नव्या चौकटीच्या खाचेत दोन्ही बाजूंना सोडा.